फेरफार

काही शब्द असे असतात की शहरात त्यांना विशेष वजन नसते, आणि गावाच्या शिवेत पाऊल टाकताच ते भारदस्त होतात. 'फेरफार' हा त्यांपैकी एक. शहरातला गृहस्थ दिवाणखान्याच्या मांडणीत फेरफार करतो, प्रवासाच्या बेतात फेरफार करतो, आणि आठ दिवसांनी तो कोणता केला होता हेही त्यास आठवत नाही. परंतु मराठवाड्यातल्या एखाद्या शेतकऱ्यापुढे हा शब्द सहज उच्चारून पाहा, तो हातातली चंची बाजूला ठेवून विचारील, "कुणाचा? कोणत्या गटाचा?" त्याच्या लेखी फेरफार ही एक घटना आहे. तिला क्रमांक असतो, तारीख असते, कारण असते, आणि खाली कोणाची तरी सही असते. बाप वारला की फेरफार, भाऊ वेगळे निघाले की फेरफार, कर्ज काढले की फेरफार आणि ते फिटले तरी फेरफार. कुटुंबाच्या इतिहासातले बहुतेक ठळक प्रसंग तलाठ्याच्या दप्तरात चार-चार ओळींच्या परिच्छेदांत बसविलेले असतात. तेथे जन्मापेक्षा मरणाला आणि प्रेमापेक्षा वाटणीला अधिक जागा मिळते, एवढेच काय ते वैगुण्य.

हा शब्द अलीकडे माझ्या मनात घोळू लागला तो मात्र शेतीवाडीमुळे नव्हे. मी राहतो ते विष्णुपुरी हे नांदेडला लागून गोदावरीच्या काठी वसलेले गाव. एकेकाळी जेथे ज्वारी उभी असे, त्या शिवारात १९८१ साली अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. नदीवर बंधारा उभा राहून त्यामागे शंकरसागर जलाशय पसरला. आणि १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ येथे स्थापन झाले. यास्तव आमच्याकडील चहाच्या टपरीवर एका बाकावर पाण्याच्या पाळीची चर्चा चालते, तर शेजारच्या बाकावर संगणकाची. या दुसऱ्या बाकावरचे बोलणे ऐकण्याचा मला छंद आहे. एके दिवशी तेथे दोन विद्यार्थी तावातावाने वाद घालीत होते. एक म्हणत होता, "तू पुल न करताच कमिट केलंस, आता मर्ज करताना कॉन्फ्लिक्ट येणारच!" दुसरा शांतपणे म्हणाला, "ब्लेम लावून बघ ना, ती ओळ कुणाची आहे ते कळेल." तीस वर्षे इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात घालविलेल्या मनुष्यास हे ऐकून गंमत वाटली. मला ठाऊक असलेल्या इंग्रजीत 'कमिट' करण्याच्या गोष्टी म्हणजे प्रायः गुन्हे आणि पातके. त्यात पुन्हा दोष कोणाचा याची चौकशी! ही कोवळी पोरे असे कोणते कृत्य करून बसली आहेत, हे समजून घेतल्यावाचून माझ्याने राहवेना. त्यांतला एक जण आमच्याच आळीतला. तो दुसऱ्या दिवशी आपला संगणक घेऊन घरी आला, आणि त्याने तास-दीड तास माझी शिकवणी घेतली.

त्याने सांगितले त्याचे सार असे. संगणकाने काय करावयाचे याची जी लेखी आज्ञावली, तिला ही मंडळी 'कोड' म्हणतात. मोठ्या कामाची आज्ञावली लाखो ओळींची असते, आणि ती लिहिणारे शेकडो हात निरनिराळ्या देशांत बसलेले असतात. एखादे विरामचिन्ह हलले तरी सारे यंत्र अडून बसते. तेव्हा दोन अडचणी नित्य उभ्या राहतात. काल चालत होते ते आज का बंद पडले, म्हणजे मध्यंतरी कोणी काय बदलले, ही पहिली. आणि माझ्याजवळची प्रत व तुझ्याजवळची प्रत यांचा मेळ कसा घालावयाचा, ही दुसरी. या अडचणींवरचा घरगुती उपाय आपण सारेच जाणतो. ज्याने म्हणून एखाद्या अभ्यासमंडळावर काम केले आहे, त्याने 'अंतिम मसुदा', 'अंतिम मसुदा नवा', आणि 'अंतिम मसुदा खरोखरचा' अशी तीन भावंडे एकाच पेटीत नांदताना पाहिलेली आहेत. आणि त्यांतील सर्वांत धाकटे कोणते याविषयी मंडळात कधीही एकमत होत नाही.

आज्ञावली लिहिणाऱ्यांनी यावर पुष्कळ वर्षांपूर्वीच तोड काढली. १९७२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी एक व्यवस्था रचली. प्रत्येक वेळी सबंध मजकुराची नवी नक्कल ठेवण्याऐवजी तिच्यात पूर्वीच्या मजकुरात झालेले फरक तेवढे नोंदून ठेवीत, आणि त्या फरकांच्या आधारे कोणतीही जुनी आवृत्ती हवी तेव्हा पुन्हा उभी करता येई. पुढे १९८२ मध्ये वॉल्टर टिची यांनी तीच कल्पना अधिक सुटसुटीत केली. या आरंभीच्या व्यवस्थांत कुलुपाची पद्धत होती. एकाने मजकूर दुरुस्तीस घेतला की त्याचे काम संपेपर्यंत इतरांनी थांबावयाचे. पुढच्या साधनांनी कुलूप काढले, तरी मूळ दप्तर बहुधा एकाच ठिकाणी राही. ही मध्यवर्ती गादी मोडण्यास मोठी चालना मिळाली ती २००५ साली. 'लिनक्स' नामक प्रणालीचे जनक लिनस टोरवाल्ड्स आणि त्यांचे सहकारी तोवर ज्या साधनाने काम करीत होते, ते वापरण्याची फुकट सवलत त्या वर्षी काढून घेण्यात आली. तेव्हा त्यांनी एप्रिल महिन्यात स्वतःच एक साधन लिहावयास घेतले, आणि काही दिवसांतच ते आपल्या स्वतःच्या घडणीची नोंद आपणच ठेवू लागले. त्याचे नाव 'गिट'. इंग्रजी बोलीत हा शब्द खडूस मनुष्यास लावतात; आपण आपल्या कृतींना स्वतःचेच नाव देतो, असा विनोद टोरवाल्ड्स यांनी त्यावर केला होता.

गिटची योजना मला फार विचारपूर्वक केलेली वाटली. येथे एकच मूळ दप्तर व बाकीच्या नकला असा भेद नाही. जो जो कामात सामील होतो त्या प्रत्येकाजवळ प्रारंभापासूनच्या सर्व नोंदींसह सबंध दप्तर असते. प्रत्येक नोंदीत बदल कोणी केला, केव्हा केला आणि का केला हे लिहावयाचे. 'कमिट' म्हणतात ते यालाच. त्या नोंदीतील मजकुरावरून गणिताने एक चाळीस अक्षरी खूण निघते, आणि नोंदीच्या पोटात तिच्या आधीच्या नोंदीची खूणही गुंफलेली असते. त्यामुळे पाच वर्षांपूर्वीच्या नोंदीत कोणी एक स्वल्पविराम जरी गुपचूप हलविला, तरी तिची खूण बदलते, आणि तिच्या मागोमाग आलेल्या साऱ्या नोंदींच्या खुणा साखळीतल्या कड्यांप्रमाणे बदलत जातात. असे करता येत नाही असे नाही, करता येते. परंतु मग त्या मनुष्याची प्रत इतर सर्वांच्या प्रतींशी बेबनाव करते, आणि चोरी ताबडतोब उघडकीस येते.

येथवर ऐकून मी त्या मुलास म्हणालो, "अरे, हा तर आमचा नमुना सहा!" तो बुचकळ्यात पडला, कारण त्याच्या घरी जमीन असली तरी दप्तर त्याचे वडील पाहत.

सातबाराचा उतारा आपण सर्व जाणतो. सातबारा म्हणजे जमिनीची आजची स्थिती. खातेदार कोण, क्षेत्र किती, पीक कोणते. पण ही स्थिती आली कोठून, हे सांगण्याचे काम गाव नमुना सहाचे, म्हणजे फेरफार नोंदवहीचे. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला. आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात असल्यामुळे येथे तशा हक्कनोंदणीचा नियम आला तो १३५८ फसलीत, म्हणजे १९४८-४९ च्या सुमारास. पुढे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने सर्वांस एकच पद्धत लावून दिली. ती अशी, की कोणताही हक्क बदलला तर प्रथम त्याची नोंद फेरफार नोंदवहीत घ्यावयाची. तिची प्रत चावडीवर लावावयाची. संबंधितांस नोटीस द्यावयाची. कोणाची हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या स्वतंत्र नोंदवहीत, म्हणजे नमुना सहा-अ मध्ये, लिहावयाची. आणि वरिष्ठाने चौकशी करून नोंद प्रमाणित केली म्हणजे मग सातबारावर अंमल द्यावयाचा. सातबारावर त्या फेरफाराचा क्रमांक येतो. आणि जे नाव कमी झाले ते खोडावयाचे नाही. त्यास कंस करावयाचा. अलीकडच्या संगणकीय उताऱ्यात कंसाऐवजी आडवी रेघ मारलेली आढळते, पण रेघेखालचे नाव वाचता येते.

हा कंस मला आपल्या लेखनसंस्कृतीतील एक थोर शोध वाटतो. जुन्या पोथ्यांत चुकलेल्या अक्षरावर लेखक हरताळ लावीत, आणि त्या पिवळ्या लेपावर दुरुस्त अक्षर लिहीत. 'हरताळ फासणे' हा आपला वाक्प्रचार तेथूनच आला. हरताळाचा डाग काही झाले तरी दिसत असे. खोडरबर वापरला तरी कागद खरवडला जातो. लेखणीच्या युगात पुसणे म्हणजे व्रण मागे ठेवणेच होते. संगणकाने हा व्रण नाहीसा केला. पडद्यावरचे अक्षर पुसले की त्या जागी ते कधी होते याची साक्ष देणारा एक ठिपकाही उरत नाही. काल वाचलेले परिपत्रक आज त्याच ठिकाणी थोडे निराळे दिसते, आणि आपण आपल्याच स्मृतीविषयी साशंक होतो. संगणकाचा कारभार करणाऱ्यांनाच कंसाची गरज सर्वांच्या आधी भासावी, हे म्हणून स्वाभाविकच आहे.

कंसाची किंमत मला कळली ती माझ्या आत्याबाईंमुळे. २०२३ च्या सप्टेंबरात शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि मराठवाड्याच्या निजामकालीन दप्तरांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. त्या प्रश्नाच्या भल्याबुऱ्याची चर्चा हे या लेखाचे स्थान नव्हे; पण त्या हिवाळ्यात उर्दू आणि मोडी वाचणाऱ्या वृद्धांस जो मान मिळाला, तो त्यांनी उभ्या आयुष्यात अनुभवला नसेल. सगळीकडे जुन्या कागदांचाच विषय. त्या ओघात माझ्या धाकट्या भावालाही वाटले की आपल्या शेताचे सारे जुने फेरफार एकदा काढून ठेवावेत. आमचे गाव लातूर जिल्ह्यात, अहमदपुराकडे. मी तहसिलीत जाऊन नकला घेतल्या. त्यांत दोन नोंदी होत्या. पहिली १९७३ ची: आजोबा वारले, सबब वारसांची नावे लागली, त्यांची पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी. दुसरी १९७५ ची: मुलीने आपला हक्क भावांच्या लाभात स्वखुशीने सोडला, सबब तिचे नाव कमी.

ती मुलगी म्हणजे आमच्या आत्याबाई. आज त्यांचे वय पंच्याऐंशीच्या पुढे आहे, आणि त्या कंधार तालुक्यात आपल्या मुलाजवळ राहतात. पुढे एकदा त्यांना भेटावयास गेलो तेव्हा ती नक्कल माझ्या पिशवीत होती. मी ती दाखविली. त्यांचे शिक्षण तिसरीपर्यंत झालेले; चष्मा पुसून त्यांनी अक्षर अक्षर लावले, आणि आपल्या नावावर बोट ठेवून म्हणाल्या, "माझं नाव हाय की रे बापू अजून!" त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, आनंद होता. लग्नानंतर माहेरच्या घरात मुलीची खूण काय उरते? एखादा फोटो, फार तर आईच्या पेटीतली एखादी जुनी चोळी. येथे सरकारी कागदावर, दोन भावांच्या शेजारी, त्यांचे माहेरचे नाव पन्नास वर्षे तसेच बसून होते.

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "आन् का सोडलं, ते ल्हिलंय का त्यात?"

मी वाचून दाखविले: स्वखुशीने.

आत्याबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग कागदाची घडी घालीत म्हणाल्या, "ल्हिणारा चांगल्या मनाचा व्हता."

या वाक्याने मला पुष्कळ दिवस विचार करावयास लावले. बदलाची नोंद ठेवली म्हणजे सत्य हाती लागले, असे आपण समजतो. वस्तुतः कारणाच्या रकान्यात जे उतरते ते लेखणी ज्याच्या हाती असते त्याचे कारण असते. कायदाही येथे सावध आहे. नोंद खोटी ठरेपर्यंत ती खरी धरावी असे संहिता सांगते, पण केवळ फेरफारामुळे मालकी सिद्ध होत नाही असे न्यायालयांनी वेळोवेळी बजावले आहे. त्या विद्यार्थ्यास मी हे सांगितले तेव्हा तो हसून म्हणाला, "सर, आमच्याकडे तर निम्म्या नोंदींचं कारण 'किरकोळ दुरुस्ती' एवढंच असतं." मग या खटाटोपाचा उपयोग काय? मला वाटते, उपयोग एवढाच आणि तो फार मोठा आहे, की प्रश्न विचारावयास जागा राहते. आत्याबाईंचे नाव १९७५ साली साफ खोडले गेले असते, तर 'का' हा शब्द त्यांच्या ओठांवर कशाच्या आधाराने आला असता? स्वखुशीने हे खरे असो वा नसो, त्या शब्दाला आज कोणी तरी समोर बसवून उलटतपासणी करू शकतो.

आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात हीच गोष्ट किती मोठ्या प्रमाणावर घडली आहे! ज्ञानेश्वरी सिद्ध झाली ती शके १२१२ मध्ये, नेवाश्यास. तिच्या नकलांच्या नकला होत गेल्या, आणि लिहिणाऱ्यांच्या हातून व भाविकांच्या भक्तीतून पाठ बिघडत चालले. याच गोदावरीच्या काठी, आमच्या वरच्या अंगाला पैठणास, एकनाथ महाराजांनी निरनिराळ्या प्रती पाहून ग्रंथ शुद्ध केला, आणि शेवटी आपल्या ओव्यांत त्या कामाची नोंद करून ठेविली: शके १५०६, म्हणजे इसवी सन १५८४, तारण नाम संवत्सर. ग्रंथ मुळात अतिशुद्ध, पण पाठांतरामुळे अशुद्ध झाला म्हणून हे शोधन केले, असे कारणही दिले. पुढे जो कोणी यात आपल्या ओव्या घुसडील तो अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवील, अशा अर्थाची ताकीद दिली. कर्ता, तिथी, कारण आणि पुढच्यांस सूचना, सर्व काही त्यात आहे. आमच्या विद्यार्थ्यांनी कमिटची नोंद कशी लिहावी याचा याहून चांगला नमुना मी त्यांस दाखवू शकणार नाही.

तरी एक उणीव राहिलीच. नाथांनी काय बदलले ते आपणास कळत नाही. कोणत्या ओव्या काढल्या, कोणते शब्द फिरविले, याची यादी त्यांनी ठेविली नाही. त्या काळी तशी चालच नव्हती. म्हणूनच इतिहासाचार्य राजवाडे यांनी बीडकडे मिळालेल्या एका जुन्या पोथीवरून १९०९ साली ज्ञानेश्वरी छापली आणि हा नाथपूर्व पाठ आहे असे प्रतिपादिले, तेव्हा विद्वानांत वाद उभा राहिला. नाथांसारख्या अधिकारी पुरुषाने केलेले शोधन आणि तरी मागे सव्वातीनशे वर्षांनी वाद! नाथांच्या प्रामाणिकपणाविषयी कोणासही शंका नव्हती. अडचण एवढीच होती, की कंस शिल्लक नव्हते.

याच्या उलट उदाहरण आमच्या जिल्ह्यातील माहूर ज्यांचे तीर्थ, त्या महानुभाव पंथाचे आहे. म्हाइंभटांचे लीळाचरित्र परचक्राच्या धामधुमीत नाहीसे झाले, आणि अनुयायांनी ते आपापल्या स्मरणातून पुन्हा लिहून काढले, असे परंपरा सांगते. स्मरणे निरनिराळी, म्हणून पाठही निरनिराळे झाले. त्या मंडळींनी काय करावे? एक पाठ खरा मानून बाकीचे बुडविणे सोपे होते. परंतु स्वामींच्या मुखातला एकही शब्द वाया जाऊ नये या चिंतेने त्यांनी हिराइसेचा पाठ, अमक्याचा पाठ, अशी नावे लावून भेद जपले. अशा पाठभेदास ते 'वासना' म्हणत. पुण्यात भांडारकर संस्थेने १९१९ साली हाती घेतलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत हीच दृष्टी शास्त्राच्या कसोटीला लावलेली दिसते. डॉ. सुकथनकरांनी १९२५ पासून अखेरपर्यंत तिचे संपादन वाहिले, आणि ते काम पुरे व्हावयास १९६६ साल उजाडले. तिचे कोणतेही पान उघडा. वरच्या बाजूस मोजके श्लोक आणि खाली पाठभेदांची दाट वस्ती. संपादकाने आपला निर्णय वर दिला आहे, आणि तो निर्णय मोडून काढावयास लागणारी सारी सामग्री स्वतःच्याच हाताने खाली मांडून ठेविली आहे. विद्वत्तेतले हे औदार्य मला फार दुर्मिळ वाटते.

गिटमध्ये त्या विद्यार्थ्याने मला जो 'कॉन्फ्लिक्ट' दाखविला तो याच कुळातला. दोघांनी एकच ओळ दोन प्रकारे बदलली असेल, तर यंत्र कोणाचीही बाजू घेत नाही. थोर कोण, आधी कोण आला, कोणाचे वेतन अधिक, काहीही पाहत नाही. दोन्ही पाठ एकाखाली एक मांडते, भोवती खुणा करते, आणि माणसाची वाट पाहत थांबते. अब्जावधी गणिते क्षणात करणारे यंत्र येथे मात्र 'हे मला ठरविता येत नाही' असे कबूल करते, हे पाहून माझे मन त्याच्याविषयी आदराने भरून आले. मनुष्याने मग दोन्ही वाचावे, दुसऱ्यास विचारावे, आणि निर्णयाखाली आपले नाव घालावे. आमच्या चावडीतही हेच घडले. हस्तलिखित सातबारा आणि संगणकातला सातबारा तंतोतंत जुळावा म्हणून २०१७ साली गावोगाव चावडीवाचन झाले; संगणकातील उतारे खातेदारांसमोर मोठ्याने वाचून दाखविले गेले, आणि ज्याचे नाव, क्षेत्र वा हिस्सा चुकला असेल त्याने उठून सांगावे अशी सोय केली गेली. दोन दप्तरांचा मेळ घालण्याचे काम यंत्राने करता करता शेवटी ते माणसांच्या कानांवर आणि आठवणीवरच सोपविले.

ओळ कोणाची हे शोधून देणाऱ्या आज्ञेचे नाव 'ब्लेम', म्हणजे दोष देणे, असे असल्याचे मी वर सांगितलेच आहे. पण गिटच्या आधीच्या 'सबव्हर्जन' नामक साधनात त्याच आज्ञेस दुसरेही एक नाव आहे, 'प्रेज', म्हणजे स्तुती. दोन्हींचे काम अगदी एक. नोंदीवरचे नाव वाचून दोष द्यावयाचा की स्तुती करावयाची, हे वाचणाऱ्याच्या मनावर अवलंबून आहे, याची जाणीव कोणा रसिकाने यंत्राच्या भाषेत ठेवून दिली.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो हलका नाही. सर्वच बदल जपून ठेवावयाचे म्हटले तर मनुष्याने जगावे कसे? विसरणे हीही एक दया आहे. पाटी पुसली जाते म्हणूनच मूल पुन्हा लिहावयास धजते. नवराबायकोंनी एकमेकांच्या बोलण्याचे फेरफार ठेवावयाचे ठरविले, तर संसार आठवडाभर टिकणार नाही. शिवाय काही ग्रंथांचे पावित्र्यच त्यांच्या अचलतेत असते. आमच्या नांदेडास १७०८ साली गुरु गोविंदसिंहांनी देह ठेवण्यापूर्वी ग्रंथसाहिबास गुरुपद दिले. आज त्या ग्रंथाची प्रमाण छापील प्रत १४३० पृष्ठांची आहे. अमृतसरातील पृष्ठावर जे असेल तेच येथील त्याच पृष्ठावर असते. तेथे फेरफाराची भाषाच अप्रस्तुत. आक्षेप मला मान्य आहे. पण तो मान्य करूनही म्हणावेसे वाटते, की विसरण्याचा अधिकार ज्याचे दुखले त्याचा असावा. ज्याच्या हाती दप्तर आहे त्याचा नसावा. आत्याबाईंनी १९७५ साल विसरावे की न विसरावे हे त्यांनी ठरविले तर ती क्षमा होईल. तेच दप्तराने परस्पर ठरविले, तर तिला निराळेच नाव द्यावे लागेल. गिटमध्ये सारे दप्तर प्रत्येकाच्या घरी असते, यातील मर्म मला येथेच दिसते. सबंध गावाचा नमुना सहा प्रत्येक खातेदाराच्या घरी असता, तर कित्येक पिढ्यांचे कज्जे चावडीवरच मिटले असते.

सायंकाळी बंधाऱ्याच्या बाजूला गेलो की शंकरसागराचे पाणी दूरवर पसरलेले दिसते. जलाशय म्हटला की त्याच्या पोटात शेते आलीच. आणि शेते म्हटली की बांध, विहिरी, आंब्याची झाडे, आणि त्या बांधांवरून झालेली भांडणेही आली. नदीने आणि माणसांनी मिळून ते सारे पुसले, आणि त्यात सार्वजनिक हितही होते. त्या पाण्यावर आज पिके उभी आहेत. पण जी जमीन गेली ती कोणाची होती, किती होती, कोणत्या साली आणि कोणत्या कामासाठी गेली, हे पाणी सांगू शकत नाही. ते एका जाड्या नोंदवहीत, कंसांतल्या नावांवरून वाचावे लागते. आमच्या अंगणात बसून आज्ञावली लिहिणाऱ्या त्या मुलास मी एवढेच सांगितले, की 'किरकोळ दुरुस्ती' असे लिहून मोकळा होऊ नकोस. कारणाच्या रकान्यात दोन ओळी अधिक लिही. पन्नास वर्षांनी कोणी तरी चष्मा पुसून त्या वाचील.